परतीचा दोर

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतला एखादा मध्यम आकाराचा कारखाना डोळ्यांसमोर आणा. ऑफिसच्या मागच्या खोलीत सर्व्हर आहे. त्यावर टॅली चालतं, ऑर्डरी आणि डिस्पॅचच्या नोंदी होतात, हजेरीच्या मशीनचा डेटा साठतो. देखभाल करणारा तंत्रज्ञ शहरात, राजारामपुरीत राहतो. दिवसा ऑफिसचं काम अडू नये म्हणून तो असले बदल रात्री घरूनच, रिमोटवर करतो. आज सर्व्हरचा आयपी पत्ता बदलायचा आहे. त्याने नवे आकडे टाकले, ‘ओके’ दाबलं आणि समोरची खिडकी थिजली. थोड्या वेळाने कनेक्शन तुटल्याचा निरोप आला. पुन्हा जोडायला गेलं तर पिंगही लागत नाही.

सर्व्हर मात्र ठणठणीत आहे. पंखा फिरतो आहे, डिस्क चालू आहे, टॅलीचा डेटा जागच्या जागी आहे. त्याच्यासमोर कीबोर्ड घेऊन कोणी बसलं तर दोन मिनिटांत सगळं मार्गी लागेल. यंत्राने सांगितलेलं काम तंतोतंत केलं, आणि त्यामुळेच सांगणाऱ्याला आता आत जाता येत नाही.

कॉम्प्युटरमधल्या बाकीच्या सेटिंगांचं असं नसतं. फॉन्ट चुकीचा निवडला, प्रिंटर चुकीचा लावला, तर त्याच जागी परत जाऊन दुरुस्ती करता येते. नेटवर्कच्या सेटिंगमध्ये हुकूम ज्या वाटेने जातो, त्या वाटेलाच तो हात घालतो. वाट मोडली की दुरुस्तीचा दुसरा हुकूम पाठवायला काही उरत नाही. कोंढाण्याच्या लढाईत तानाजी पडल्यावर सूर्याजीने कड्यावरचे दोर कापून टाकले, असं सांगतात. मावळ्यांना मागे फिरायची सोय राहू नये म्हणून ते मुद्दाम केलेलं होतं. नेटवर्कवर काम करणाऱ्या माणसाच्या हातून मात्र हा दोर नकळत कापला जातो, आणि त्या वेळी तो स्वतः कड्याच्या खाली असतो.

नेमकं काय तुटतं ते जरा सावकाश पाहू, कारण दुरुस्ती त्यावरच ठरते. नेटवर्कवरच्या प्रत्येक यंत्राला तीन गोष्टी माहीत असाव्या लागतात: स्वतःचा पत्ता, आपल्या आवारात कोण आहे आणि बाहेर कोण हे ठरवणारा सबनेट मास्क, आणि आवाराबाहेर जायचं फाटक, म्हणजे गेटवे. घराघरांत आणि कारखान्यांत दिसणारे १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते खासगी वापरासाठी राखून ठेवलेले आहेत. ही व्यवस्था १९९६ साली पक्की झाली. त्यामुळे कोल्हापुरातल्या राऊटरचा आणि टोरांटोतल्या राऊटरचा आतला पत्ता १९२.१६८.१.१ असू शकतो आणि दोघांची कुठेही गाठ पडत नाही.

पत्ताच चुकला तर निदान सोपं असतं, कारण सर्व्हर कोणालाच सापडत नाही. गेटवे चुकला तर गोंधळ जास्त. बाहेरून आलेला निरोप सर्व्हरपर्यंत पोहोचतो, सर्व्हर उत्तरही देतो, पण ते उत्तर भलत्या फाटकाकडे जातं आणि हरवतं. आवारातल्या आवारात बोलायला गेटवे लागत नाही, म्हणून कारखान्यातल्या माणसांचं टॅली व्यवस्थित चालू राहतं. फोन केला तर ती म्हणतात, “इथं सगळं चालू आहे की!” तीही खरं बोलत असतात आणि राजारामपुरीत अडकलेला तंत्रज्ञही. अशा वेळी एकमेकांवर चिडण्यात अर्धा तास सहज जातो.

फायरवॉलचा सापळा त्याहून फसवा आहे. लिनक्सच्या सर्व्हरवर फायरवॉल चालू करताना साधारण धोरण असतं: परवानगी दिलेली नाही ते सगळं बंद. हे धोरण योग्यच आहे. पण आपण ज्या दारातून आत आलो त्या दाराला परवानगी द्यायच्या आधीच कोणी ते लागू केलं, तर पुढचं सांगायला नको. फसवी गोष्ट अशी की आधीपासून उघडी असलेली जोडणी फायरवॉल बऱ्याचदा चालू ठेवते आणि फक्त नवी जोडणी नाकारते. माणसाला वाटतं, काही बिघडलं नाही. तो समाधानाने खिडकी बंद करतो आणि सकाळी त्याला आत जाता येत नाही. म्हणून अनुभवी लोक बदलानंतर जुनी खिडकी तशीच उघडी ठेवतात, शेजारी दुसरी नवी जोडणी करून पाहतात, आणि ती लागली तरच पहिली बंद करतात. एवढी एक सवय लावून घेतली तरी पुष्कळ रात्री वाचतील.

रिमोटवर असताना विंडोजमधल्या नेटवर्क अडॅप्टरवर ‘डिसेबल’ दाबणं हा याच घराण्यातला प्रकार. ‘डिसेबल करून इनेबल करून बघ’ असा सल्ला सगळीकडे दिला जातो. यंत्रासमोर बसलेल्या माणसासाठी तो चांगलाही आहे. रिमोटवर बसलेल्याला त्यातली पहिली निम्मी कृतीच करता येते.

कधीकधी यंत्र समोर असतं, कीबोर्ड हाताखाली असतो, तरीही आत जाता येत नाही. मोठ्या ऑफिसांत, कॉलेजांत, बँकांत विंडोजचे कॉम्प्युटर ‘डोमेन’ला जोडलेले असतात. तुमचं नाव आणि पासवर्ड बरोबर आहे की नाही, हे ते यंत्र मध्यवर्ती सर्व्हरला विचारून ठरवतं. तो सर्व्हर कुठे आहे हे त्याला डीएनएसकडून, म्हणजे नावावरून पत्ता सांगणाऱ्या सेवेकडून कळतं. नेट हळू चालतंय म्हणून कोणीतरी ऑफिसचा डीएनएस काढून तिथे गुगलचा ८.८.८.८ टाकतो. गुगलला जगातल्या वेबसाइटी माहीत असतात, तुमच्या ऑफिसातला सर्व्हर माहीत नसतो. मग लॉगिन करू देणारा सर्व्हर उपलब्ध नसल्याची सूचना येते आणि पासवर्ड अगदी बरोबर असूनही दार उघडत नाही. इथे घाबरून विंडोज नव्याने टाकायची गरज नसते. विंडोज शेवटच्या काही वापरकर्त्यांची ओळख स्वतःकडे जपून ठेवतं, मूळ मांडणीत दहा जणांची. त्या यंत्रावर पूर्वी लॉगिन केलेल्या माणसाने नेटवर्कची वायर काढून प्रयत्न केला तर बहुधा आत जाता येतं. यंत्राचं स्वतःचं ॲडमिनिस्ट्रेटर खातं असेल तर तेही चालतं. मात्र त्या खात्याचा पासवर्ड कोणाला तरी आठवत असावा लागतो, आणि अडचण नेमकी तिथेच असते. तो पासवर्ड यंत्र बसवणाऱ्याने ठेवलेला असतो आणि तो माणूस केव्हाच दुसरीकडे नोकरीला गेलेला असतो.

घरच्या राऊटरचं थोडक्यात सांगतो. त्याचा आतला पत्ता बदलला की त्याचं सेटिंगचं पान जुन्या पत्त्यावर उघडत नाही, आणि लोकांना वाटतं राऊटर गेला. वायर काढून पुन्हा जोडली की बहुतेक वेळा कॉम्प्युटर नवा पत्ता मागून घेतो आणि त्यात गेटवे म्हणून राऊटरचा नवा पत्ता दिसतो. कॉम्प्युटरचा पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर त्याला राऊटरकडून काहीच मिळालेलं नाही आणि त्याने नाइलाजाने स्वतःच एक पत्ता घेतला आहे, असं समजा. शेवटचा उपाय म्हणजे मागच्या बारीक भोकात पिन घालून रिसेट. पण पिन मारण्याआधी हे लक्षात घ्या की रिसेटमध्ये वायफायचं नाव आणि पासवर्ड तर जातोच, शिवाय तुमच्या नेटवाल्याने भरलेलं युजरनेम आणि पासवर्डही जाऊ शकतो. मग तो फोन उचलेपर्यंत घर बिननेटचं.

या सगळ्या प्रकारांत एक उपाय समान आहे: यंत्रापाशी जाणं. रात्री शिरोलीला जायचं म्हणजे पाऊण तासाचं काम, गाडी काढली की झालं. कोल्हापूरकर असा विचार करतो आणि वर्षातले बरेच महिने तो बरोबरही असतो. पण शहरातून शिरोलीला जायचं तर पंचगंगा ओलांडावी लागते.

कसबा बावड्याजवळच्या राजाराम बंधाऱ्यावर नदी ३९ फुटांवर गेली की इशारा पातळी आणि ४३ फुटांवर धोका पातळी. पावसाळ्यात हे दोन आकडे जिल्ह्यातल्या शाळकरी मुलालाही पाठ असतात. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. पुणे-बेंगळुरू महामार्गावर शिरोलीजवळ पाणी आलं, रस्ता जवळपास आठवडाभर बंद राहिला आणि दोन्ही बाजूंना ट्रकच्या रांगा लागल्या. शहरातल्या पेट्रोल पंपांवर इंधन अत्यावश्यक सेवांसाठी राखून ठेवावं लागलं. जुलै २०२१ मध्ये पुन्हा महामार्ग पाण्याखाली गेला. गोकुळ शिरगावची एमआयडीसी शहराच्या दक्षिणेला, नदीच्या अलीकडे, शिरोलीची नदीपलीकडे. नकाशावर दोन्ही शहराला सारख्याच जवळच्या वाटतात. पुरात यातल्या एका ठिकाणी चुकलेलं सेटिंग दुरुस्त करायला माणूस पोहोचू शकतो आणि दुसऱ्या ठिकाणी नाही. ‘गरज पडली तर जाऊन येऊ’ ही योजना ज्या रस्त्यावर अवलंबून आहे, तो रस्ता नेमका गरजेच्या वेळी बंद असण्याची शक्यता कोल्हापुरात इतर शहरांपेक्षा जास्त आहे. पुराच्या दिवसांत गडबडीने सेटिंग बदलायची वेळही जास्त येते. एक लाइन बंद पडते, दुसऱ्या कंपनीची जोडावी लागते, घरून काम करणाऱ्यांसाठी दारं उघडावी लागतात. हात घाईत असतात आणि रस्ता बंद असतो.

जगातल्या अवाढव्य कंपन्यांचंही हेच झालं आहे. ४ ऑक्टोबर २०२१ ला, आपल्याकडे रात्री नऊ वाजून गेले असताना, फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप एकदम बंद पडले. कंपनीच्या अंतर्गत जाळ्याची क्षमता किती उरली आहे हे तपासण्यासाठी फेसबुकच्या कर्मचाऱ्यांनी नेहमीच्या देखभालीत एक हुकूम दिला होता. त्या हुकमाने कंपनीची जगभरातली डेटा सेंटरं एकमेकांना जोडणारं जाळंच तोडलं. असे घातक हुकूम अडवणारी तपासणी व्यवस्था होती, पण तिच्यातच दोष असल्याने तिने हा हुकूम अडवला नाही. पुढे कंपनीच्या डीएनएस सर्व्हरांना डेटा सेंटरं दिसेनाशी झाली, तेव्हा त्यांनी नियमाप्रमाणे स्वतःकडे येण्याच्या वाटा इंटरनेटवरून मागे घेतल्या. बाहेरच्या जगासाठी फेसबुक नावाचं ठिकाणच उरलं नाही.

दुरुस्ती करणाऱ्यांना नेहमीच्या वाटेने आत जाता येईना. अशा प्रसंगासाठी ठेवलेली वेगळी वाटही बंद होती, आणि तपासाची आतली साधनं डीएनएसवर अवलंबून असल्याने तीही निकामी झाली. शेवटी माणसं प्रत्यक्ष डेटा सेंटरमध्ये पाठवावी लागली. तिथेही वेळ गेला, कारण त्या इमारतीत शिरणं आणि यंत्रांपुढे उभं राहूनही त्यांत बदल करणं मुद्दाम अवघड केलेलं होतं. कंपनीचे पायाभूत सुविधांचे प्रमुख संतोष जनार्दन यांनी दुसऱ्या दिवशी हे सविस्तर लिहून प्रसिद्ध केलं. चोरांसाठी लावलेली कुलुपं घरच्यांनाही तितकीच घट्ट लागतात, हे त्यात मोकळेपणाने मान्य केलं होतं. अशी कबुली दिली की इतरांना शिकता येतं. चूक दडवण्याची सवय मला घातक वाटते. सेवा सुमारे सहा तासांनी परतल्या.

कॅनडातल्या रॉजर्सचं प्रकरण मला अधिक बोधक वाटतं. ८ जुलै २०२२ ला या कंपनीचे १ कोटी २० लाखांहून अधिक ग्राहक मोबाइल, इंटरनेट आणि लँडलाइन सगळ्यालाच मुकले. अनेकांना आपत्कालीन मदतीचा फोन लागेना, दुकानांत डेबिट कार्डं चालेनात. जाळ्याच्या सुधारणेचं काम सात टप्प्यांत चाललं होतं आणि हा सहावा टप्पा होता. त्यात राऊटरवरची एक गाळणी काढली गेली, वाटांच्या माहितीचा लोंढा मुख्य राऊटरांवर आदळला आणि ते कोसळले. आधीचे टप्पे सुखरूप पार पडल्यामुळे या टप्प्याचा धोका कागदोपत्री कमी दर्जाचा ठरवला गेला होता. जाळ्याची देखरेख करायची वाट त्याच जाळ्यातून जात होती आणि बऱ्याच कर्मचाऱ्यांचे फोनही रॉजर्सचेच होते. यंत्रांशी बोलता येत नव्हतंच, एकमेकांशी बोलणंही अवघड झालं. पुढे कंपनीने महत्त्वाच्या माणसांना प्रतिस्पर्धी कंपन्यांची सिमकार्डं दिली. लाखो डॉलरच्या यंत्रांच्या शेजारी हा उपाय किरकोळ दिसेल, पण संकटात तोच आधी उपयोगी पडतो.

आता उपायाकडे येऊ. त्याचं सगळ्यात ओळखीचं रूप प्रत्येकाने पाहिलेलं आहे. विंडोजमध्ये पडद्याचं रिझोल्यूशन बदललं की एक प्रश्न येतो: हा बदल ठेवायचा का? पंधरा सेकंदांत ‘हो’ म्हटलं नाही तर जुनं रिझोल्यूशन आपोआप परत येतं. बदल चुकला असेल तर पडदा काळा पडेल, माणसाला बटण दिसणारच नाही, मग तो ‘नाही’ कसं म्हणणार? म्हणून ‘नाही’ म्हणायची गरजच ठेवलेली नाही. गप्प बसणं हाच नकार धरला जातो. ही कल्पना मला फार सुंदर वाटते, कारण ती माणसाच्या चुकीचा आधीच विचार करते.

नेटवर्कच्या यंत्रांतही हीच सोय आहे, फक्त ती मागावी लागते. ज्युनिपरच्या राऊटरांवर ‘कमिट कन्फर्म्ड’ असा हुकूम देता येतो. तो बदल लागू करतो, दहा मिनिटं वाट पाहतो, आणि दरम्यान दुजोरा आला नाही तर जुनी मांडणी परत आणतो. दोर कापला गेला असेल तर दुजोरा येऊच शकत नाही, म्हणून यंत्र स्वतःच तो पुन्हा बांधतं. लिनक्सच्या उबंटूमध्ये ‘नेटप्लॅन ट्राय’ हेच १२० सेकंदांच्या मुदतीवर करतं. गावोगावचे इंटरनेट पुरवठादार लॅटव्हियातल्या मायक्रोटिक कंपनीचे राऊटर सर्रास वापरतात. त्यात ‘सेफ मोड’ आहे: तो चालू असताना जोडणी मधेच तुटली तर त्या बैठकीतले बदल रद्द होतात. त्याच राऊटरला शेजारच्या वायरवरून, आयपी पत्ता चुकलेला असतानाही, विनबॉक्स या साधनाने हार्डवेअरच्या मॅक पत्त्यावर गाठता येतं. सिस्कोच्या यंत्रांवर जुनेजाणते लोक बदलाआधी ‘रीलोड इन १०’ सांगून ठेवतात, म्हणजे दहा मिनिटांनी यंत्र पुन्हा सुरू होईल आणि साठवलेली जुनी मांडणी वाचेल. सगळं नीट झालं तर रीलोड रद्द करायचं.

यात एक पथ्य कडकपणे पाळावं लागतं. बदल खात्रीने चालतो हे दिसेपर्यंत तो साठवायचा नाही. घाईत साठवला तर यंत्र पुन्हा सुरू होऊन तीच चुकीची मांडणी वाचेल. आणि काम नीट झाल्यावर रीलोड रद्द करायला विसरलात तर दहा मिनिटांनी चालू ऑफिसचं नेट तुमच्याच हाताने जाईल.

असं साधन नसलेल्या विंडोज किंवा लिनक्सच्या साध्या सर्व्हरवरही मुदत लावता येते. जुनी सेटिंगं परत आणणारी छोटी फाइल आधी तयार करायची, पंधरा मिनिटांनी ती आपोआप चालेल असं वेळापत्रक लावायचं आणि मगच बदल करायचा. सगळं जुळलं तर वेळापत्रक काढून टाकायचं. चांगल्या सर्व्हरमध्ये देखरेखीसाठी वेगळा छोटा कॉम्प्युटर आणि त्याचा वेगळा नेटवर्क पोर्ट असतो. मुख्य यंत्र बंद असलं तरी तिथून पडदा पाहता येतो. हा पोर्ट बऱ्याच ठिकाणी वायर न लावता तसाच सोडलेला असतो. आणि तो जोडताना त्याच राऊटरला, त्याच लाइनवर जोडला तर रॉजर्सची चूकच पुन्हा होईल. त्याला दुसऱ्या कंपनीच्या सिमवर चालणारा वेगळा राऊटर हवा. तोही कुलूपबंद असला पाहिजे, नाहीतर तिथून भलतेच लोक आत येतील.

अंतर सर्वांत मोठं असेल तिथे ही मुदतीची कल्पना सर्वांत स्पष्ट दिसते. १९७६ मध्ये मंगळावर उतरलेल्या वायकिंग-१ ला नोव्हेंबर १९८२ मध्ये बॅटरीच्या चार्जिंगसाठी नवी आज्ञावली पाठवली. तिने अँटेना पृथ्वीकडे रोखण्याची माहिती पुसली गेली. यान बहुधा चालूच होतं, पण त्याच्याशी पुन्हा कधीच संपर्क झाला नाही. व्हॉयेजर-२ ला मात्र २१ जुलै २०२३ ला चुकून असाच हुकूम गेला आणि त्याचा अँटेना पृथ्वीपासून दोन अंशांनी वळला. यान तेव्हा सुमारे २,००० कोटी किलोमीटर दूर होतं, आणि तिथे पाठवलेल्या संदेशाला पोहोचायला साडेअठरा तास लागत होते. पण व्हॉयेजरमध्ये वर्षातून अनेकदा स्वतःहून अँटेना पृथ्वीकडे वळवायची सोय केलेली आहे. पुढची तारीख १५ ऑक्टोबर होती. काहीच केलं नसतं तरी त्या दिवशी यान आपोआप संपर्कात आलं असतं. नासाने तोवर थांबायचं ठरवलं नाही. ऑस्ट्रेलियातल्या कॅनबेराजवळच्या अँटेनावरून पूर्ण ताकदीनिशी हुकूम पाठवला, सदतीस तास उत्तराची वाट पाहिली आणि ४ ऑगस्टला यानाने पुन्हा बोलायला सुरुवात केली. १९७७ साली निघालेल्या यानाला जी सोय देता आली, ती आजच्या सर्व्हरला देणं आपल्याला जड जायला नको.

शिरोलीत, कागलला किंवा इचलकरंजीत तुमचा कारखाना असेल आणि यंत्रांची देखभाल बाहेरचा माणूस करत असेल, तर यंदा मृग लागायच्या आत त्याच्याशी एकदा बसून बोला. सर्व्हरचे आणि राऊटरचे सध्याचे पत्ते, मास्क, गेटवे, डीएनएस आणि नेटवाल्याचं युजरनेम कागदावर लिहून सर्व्हरच्या खोलीत आणि घरी एकेक प्रत ठेवा. ॲडमिनिस्ट्रेटर खात्याचा पासवर्ड लखोट्यात बंद करून तिजोरीत ठेवा. कारखान्याजवळ राहणाऱ्या एखाद्या विश्वासू कामगाराला सर्व्हरला कीबोर्ड आणि पडदा कसा जोडायचा ते दाखवा. फोनवर ऐकून चार आकडे बदलता येतील एवढं त्याला आलं तरी पुरतं. आणि देखभाल करणाऱ्याला स्पष्ट सांगा की पाणी ३९ फुटांच्या वर असताना मुदत न लावता कोणताही नेटवर्कचा बदल करायचा नाही.